एफएक्ससीएम : परवानाधारक दलालाची अठरा वर्षं

फॉरेक्स कॅपिटल मार्केट्स ही कंपनी १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. व्यवहारात तिला सगळे एफएक्ससीएम म्हणत. ड्रोर निव्ह आणि विल्यम अहदूत ही तिच्या संस्थापकांपैकी दोन नावं शेवटपर्यंत कंपनीच्या वरच्या खुर्च्यांवर राहिली. ६ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतल्या दोन नियामक संस्थांनी कंपनीला आणि या दोघांना तिथल्या फॉरेक्स व्यवसायातून बाहेर काढलं. या दोन तारखांच्या मधल्या काळात कंपनीने परवाने मिळवले, न्यूयॉर्क शेअर बाजारात स्वतःचे शेअर विकले, लंडनपासून टोकियोपर्यंत ग्राहक जोडले आणि किरकोळ फॉरेक्समधला प्रतिष्ठित दलाल म्हणून नाव कमावलं.

फॉरेक्सच्या फसवणुकीवर लिहायचं तर रातोरात गायब झालेल्या वेबसाइटींचे दाखले सहज मिळतात. मी हीच कंपनी निवडली, कारण तिच्याकडे सगळी कागदपत्रं होती. आपल्याकडची मुलं टेलिग्रामच्या ग्रुपवर किंवा यूट्यूबच्या व्हिडिओखाली विचारतात, ‘हा ब्रोकर लेजिट आहे का?’ उत्तरादाखल कुणीतरी परवान्याचा क्रमांक टाकतं आणि विषय तिथेच संपतो. एफएक्ससीएमकडे असे अनेक क्रमांक होते. तरीही तिच्या ग्राहकाला एक गोष्ट अनेक वर्षं कळली नाही : आपण बटण दाबतो तेव्हा समोरून सौदा घेणारा कोण असतो, आणि आपण हरलो तर पैसा कोणाच्या खिशात जातो.

फॉरेक्स, म्हणजे परकीय चलनाचा बाजार, मुळात बँकांचा. डॉलर, युरो, येन यांचे मोठे सौदे बँका आपसात करत. त्यांना एक ठरावीक जागा नव्हती, मध्यवर्ती एक्स्चेंज नव्हतं. शेअर घेताना मुंबईतला माणूस एनएसई किंवा बीएसईच्या पटावरचा भाव पाहतो, त्याचा सौदा क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जातो आणि कॉन्ट्रॅक्ट नोट हातात येते. चलनाच्या बाजारात यातलं काहीच नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंटरनेट घराघरांत पोचलं आणि काही कंपन्यांनी एक दुकान मांडलं : बँकांकडून भाव घ्यायचा, त्यात थोडी भर घालायची आणि काहीशे डॉलर घेऊन येणाऱ्या माणसाच्या पडद्यावर तो दाखवायचा. सोबत उधारीची ताकद द्यायची, तिला लिव्हरेज म्हणतात. त्या काळी २०० पट, ४०० पट लिव्हरेजच्या जाहिराती सर्रास असत. खात्यात २५० डॉलर असलेला माणूस एक लाख डॉलरचा सौदा करू शके. भाव पाव टक्का विरुद्ध गेला की त्याचे सगळे पैसे संपत.

ग्राहकाचा सौदा बाजारात जातच नाही, दलालच तो स्वतःच्या वहीत ठेवतो, या प्रकाराला आपल्याकडे डब्बा म्हणतात. एक्स्चेंजचा भाव बघायचा, त्यावर पैज लावायची आणि हिशोब रोखीने मिटवायचा. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी अशी दुकानं गल्लोगल्ली होती आणि कायद्याने ती बंद पाडली. फॉरेक्समध्ये मात्र दलालाने ग्राहकाच्या विरुद्ध बाजूला उभं राहणं बेकायदेशीर नव्हतं. आजही बहुतेक देशांत नाही. एक्स्चेंजच नसल्यामुळे समोरचा पक्ष कुणीतरी व्हायलाच हवा आणि दलाल तो होऊ शकतो. अट एवढीच, की हे त्याने ग्राहकाला सांगायला हवं. एफएक्ससीएमची पुढची सगळी कथा या अटीभोवती घडली.

अमेरिकेने २००० साली केलेल्या एका कायद्यामुळे कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनला, म्हणजे सीएफटीसीला, किरकोळ फॉरेक्सवर थोडा अधिकार मिळाला. पण तो इतका अपुरा होता की पुढची काही वर्षं हा धंदा जवळजवळ मोकळाच होता. २००८ साली कायदा घट्ट झाला. किरकोळ फॉरेक्स दलालांचा स्वतंत्र वर्ग केला गेला आणि त्यांना किमान २ कोटी डॉलर भांडवल टप्प्याटप्प्याने उभं करावं लागलं. या अटीने अनेक लहान दुकानं बंद पडली. मोठे दलाल टिकले आणि गळालेल्यांचे ग्राहकही त्यांना मिळाले. एफएक्ससीएम मोठ्यांमध्ये होती.

त्याआधी तिच्यावर एक संकट येऊन गेलं होतं. २००३ साली रेफ्को या न्यूयॉर्कच्या प्रचंड दलाल कंपनीने एफएक्ससीएमचे ३५ टक्के घेतले. ऑगस्ट २००५ मध्ये रेफ्को शेअर बाजारात आली आणि ऑक्टोबरमध्ये कोसळली, कारण तिचा प्रमुख फिलिप बेनेट याने सुमारे ४३ कोटी डॉलरचं येणं लपवून ठेवलं होतं. एफएक्ससीएम वाचली. रेफ्कोच्या फॉरेक्स ग्राहकांना मात्र एक कठोर धडा मिळाला. वायदेबाजारातल्या ग्राहकांचे पैसे कायद्याने वेगळ्या खात्यात राहत आणि दिवाळखोरीत त्यांना आधी मिळत. फॉरेक्सच्या ग्राहकाला हे संरक्षण नव्हतं. त्याने ठेवलेला पैसा म्हणजे कंपनीवरचं साधं कर्ज, आणि तो इतर घेणेकऱ्यांबरोबर रांगेत उभा. अमेरिकेतल्या फॉरेक्स खात्यांच्या इशाऱ्यात हे आजही लिहिलेलं असतं. वाचणारे थोडे.

मग एफएक्ससीएमने तिच्या भरभराटीचा पाया ठरलेली कल्पना आणली : ‘नो डीलिंग डेस्क’. कंपनी सांगे, आमच्याकडे तुमच्याविरुद्ध सौदे घेणारा विभागच नाही. तुमची ऑर्डर आम्ही अनेक बँका आणि भाव देणाऱ्या संस्थांसमोर ठेवतो. जो सगळ्यांत चांगला भाव देईल त्याच्याशी तुमचा सौदा होतो. आम्ही वर थोडी भर घेतो. तुम्ही जिंका वा हरा, आमची कमाई तेवढीच. त्यामुळे तुमच्या आणि आमच्या हितात विरोध नाही.

डब्ब्याची धास्ती असलेल्या माणसाला याहून चांगलं काय ऐकायला मिळणार? दलाल मुद्दाम भाव हलवून स्टॉप-लॉस (ठरावीक तोट्यावर सौदा आपोआप बंद करायची सूचना) उडवतात, फायद्याच्या सौद्याला ‘रिकोट’, म्हणजे बदललेला भाव, देऊन अडवतात, हे त्या काळचे ग्राहक रोज एकमेकांना सांगत. त्या भीतीवर एफएक्ससीएमने उत्तर दिलं आणि ग्राहक तिच्याकडे आले. तिची शिकवणी आणि बातम्यांची साइट, डेलीएफएक्स, जगभर वाचली जाई. माझ्या ओळखीतल्या फॉरेक्स शिकलेल्या बहुतेकांनी पहिलं वाचन तिथेच केलं होतं.

डिसेंबर २०१० मध्ये कंपनी न्यूयॉर्क शेअर बाजारात आली, दर शेअरला १४ डॉलर. आता दर तिमाहीला हिशोब जाहीर करायचा, लेखापरीक्षकांची सही घ्यायची, संचालक मंडळात बाहेरची माणसं घ्यायची. त्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर २०१० मध्ये, सीएफटीसीचे नवे नियम लागू झाले होते. मुख्य चलनांवर लिव्हरेज ५० पटींवर आणलं, बाकीच्यांवर २० पटींवर. आयोगाचा मूळ प्रस्ताव १० पटींचा होता. दलालांनी आणि त्यांच्या ग्राहकांनी आयोगाकडे हजारो आक्षेप पाठवले आणि ५० वर तडजोड झाली. याच नियमांनी एक चांगली गोष्ट केली : किती टक्के खाती फायद्यात आणि किती तोट्यात, हे प्रत्येक दलालाला सांगणं भाग पडलं. मला वाटतं, ग्राहकाच्या हातात पडलेलं ते पहिलं खरं हत्यार.

बाजारात आल्यानंतर वर्षही झालं नव्हतं तोच पहिला तडा दिसला. ऑगस्ट २०११ मध्ये नॅशनल फ्युचर्स असोसिएशनने, म्हणजे उद्योगाच्याच स्वनियामक संस्थेने, कंपनीला २० लाख डॉलर दंड केला. ऑक्टोबरमध्ये सीएफटीसीने ६० लाख डॉलर दंड आणि ग्राहकांना सुमारे ८२ लाख ६० हजार डॉलर परत करण्याचा आदेश दिला. बाधित खाती ५७ हजारांहून अधिक होती.

या दंडांमागचा प्रकार समजून घेण्यासारखा आहे, कारण आजच्या कुठल्याही ॲपवर तो घडू शकतो आणि डोळ्यांना दिसत नाही. समजा, युरोचा भाव १.३००० डॉलर असताना तुम्ही एक लाख युरो विकत घेण्याचं बटण दाबलं. ऑर्डर पोचेपर्यंत, सेकंदाच्याही अंशात, भाव हलतो. तो १.३००२ झाला तर तुम्हाला १.३००२ लागतो, २० डॉलर तुमच्या अंगावर. बाजार असाच असतो म्हणून तुम्ही ते सोसता. पण भाव १.२९९८ झाला तर? न्यायाने २० डॉलर तुमचे. एफएक्ससीएमच्या यंत्रणेत तुम्हाला १.३००० चाच सौदा मिळे आणि मधले २० डॉलर तुमच्यापर्यंत येत नसत. भाव ग्राहकाच्या विरुद्ध गेला तर तोटा ग्राहकाचा, बाजूने गेला तर लाभ दुसऱ्याचा. सीएफटीसीने २००८ च्या जूनपासून २०१० च्या डिसेंबरपर्यंतचा काळ तपासला. ब्रिटनच्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या शाखेला याच कारणासाठी ४० लाख पौंड दंड केला, तेव्हा तिने हाच काळ ऑगस्ट २००६ पासून मोजला, शिवाय ग्राहकांना भरपाई द्यायला लावली. ब्रिटिश नियामकाचा आणखी एक ठपका मला जास्त गंभीर वाटतो : त्याच प्रकरणाची अमेरिकेत चौकशी चालू असल्याचं कंपनीने त्यांना कळवलंच नव्हतं.

एकेका खात्याचे सरासरी दीडशेच्या आसपास डॉलर गेले. त्यासाठी कोण वकील करणार? आणि कुणाला शंका आली असती तरी पुरावा कुठून आणला असता? सौद्याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर, भावाचा इतिहास कंपनीचा, घड्याळही कंपनीचं. एक्स्चेंजवर त्याच सेकंदाला दुसऱ्याला काय भाव मिळाला ते पाहता येतं. इथे तुलना करायला दुसरा कागद नव्हता. नियामकाने सर्व्हर उघडले म्हणून हे समोर आलं. परवान्याची खरी किंमत मला इथे दिसते. परवाना असूनही गैरप्रकार चार वर्षं चालला, आणि परवाना होता म्हणूनच शेवटी तो सापडला आणि काही पैसे परत आले. सेशेल्स किंवा सेंट व्हिन्सेंटमध्ये नोंदलेल्या दलालाचे सर्व्हर कोण उघडणार?

दंड भरून कंपनी पुढे गेली. २०१२ मध्ये तिने लंडनच्या ल्युसिड मार्केट्समधला ५०.१ टक्के हिस्सा घेतला. ल्युसिड म्हणजे स्वतःच्या पैशाने, अतिवेगवान संगणकांवर चलनाचे सौदे करणारी प्रॉप्रायटरी फर्म. ती स्वतःचं भांडवल पणाला लावायची आणि समोर बँका व व्यावसायिक असायचे. तिच्या व्यवहारात सामान्य माणसाच्या बचतीचा संबंध नव्हता. प्रॉप फर्म या शब्दाचा मूळ अर्थ हा आहे आणि तो नोंदवून ठेवतो, कारण आज आपल्याकडे तो भलत्याच धंद्याला चिकटला आहे.

आता १५ जानेवारी २०१५.

स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केलं होतं की एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. तीन वर्षांहून अधिक काळ तो शब्द पाळला गेला. भाव १.२० च्या जवळ आला की युरो घ्यायचा, कारण खाली मध्यवर्ती बँक उभी आहे, असा सोपा हिशोब जगभरच्या छोट्या ट्रेडरांनी मांडला. त्या गुरुवारी झुरिचच्या सकाळी साडेदहाला अध्यक्ष थॉमस जॉर्डन यांच्या बँकेने काहीही सुगावा न देता ही मर्यादा काढून टाकली. काही मिनिटांत युरो ०.८६ फ्रँकच्याही खाली गेला, मग सावरून १ च्या आसपास आला.

एक लाख युरोचा सौदा घेतलेल्या माणसाचा हिशोब करू. दोन टक्के मार्जिनने, म्हणजे अनामतीने, त्याचे २,००० युरो अडकलेले. भाव १.२० वरून १.०० झाला, तोटा २०,००० फ्रँक. स्टॉप-लॉस लावलेला होता, पण स्टॉप-लॉस म्हणजे त्या भावाला कुणीतरी समोर असेल ही अपेक्षा, आणि त्या मिनिटांत समोर कुणी नव्हतं. बँकांनी भाव देणंच थांबवलं होतं. त्यामुळे ज्याने जेमतेम दोन हजार ठेवले होते तो झोपेतून उठला तेव्हा दलालाला अठरा हजारांच्या आसपास देणं लागत होता.

त्या संध्याकाळी एफएक्ससीएमने जाहीर केलं की ग्राहकांकडून २२ कोटी ५० लाख डॉलर येणं झालं आहे आणि कंपनी कदाचित भांडवलाच्या नियमांत बसत नसेल. ‘नो डीलिंग डेस्क’ची दुसरी बाजू इथे उघडी पडली. ग्राहकाचा सौदा खरोखरच पुढे बँकेकडे गेला होता, म्हणून बँकेचं देणं कंपनीला चुकवणं भाग होतं, आणि ग्राहकाकडे पैसे नव्हते. ज्या दलालाने ग्राहकाचे सौदे स्वतःच्या वहीत ठेवले त्याला बाहेर कुणाला काही द्यायचं नव्हतं. ग्राहकाचा गेलेला पैसा त्याच्याकडेच राहिला. म्हणजे सौदा बाजारात पोचवणाऱ्याला त्या दिवशी मरण आलं आणि न पोचवणारा तरला. सौदे बाहेर पाठवणारा तो भला आणि घरात ठेवणारा तो लबाड, अशी सरळ वाटणी करणाऱ्यांनी या दिवसाकडे नीट पाहावं. बाहेर पाठवणाऱ्याकडे पुरेसं भांडवल हवं आणि त्याने ५० पट उधारी वाटताना स्वतः काय धोका घेतला हे ओळखायला हवं. एफएक्ससीएमने ते ओळखलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ब्रिटनची अल्पारी यूके दिवाळखोरीत गेली. न्यूझीलंडची एक्सेल मार्केट्स बंद झाली. एफएक्ससीएमला शुक्रवारी ल्युकेडिया नॅशनल या गुंतवणूक कंपनीने ३० कोटी डॉलर कर्ज दिलं : व्याज १० टक्क्यांपासून, वाढत वाढत १७ टक्क्यांपर्यंत, आणि पुढे कंपनी विकली तर त्यातला मोठा वाटा. मंगळवारी शेअरचे सौदे पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव सुमारे ८७ टक्क्यांनी पडला. कंपनीने बुडालेल्या ग्राहकांपैकी सुमारे ९० टक्क्यांना देणं माफ केलं, ही तिच्या बाजूची गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी; अनेक दलालांनी त्या महिन्यात ग्राहकांना वसुलीच्या नोटिसा पाठवल्या होत्या. कर्ज फेडण्यासाठी तिने एकेक मालमत्ता विकायला काढली. डेलीएफएक्सही ४ कोटी डॉलरला प्रतिस्पर्धी आयजीकडे गेली.

कंपनी मोडली ती मात्र फ्रँकमुळे नव्हे.

६ फेब्रुवारी २०१७ रोजी सीएफटीसीचा आदेश आला. त्यात नाव न घेता ‘एचएफटी कंपनी’ म्हटलेली एक फर्म आहे. एफएक्ससीएमच्याच एका कर्मचाऱ्याने, एफएक्ससीएमच्या पैशावर आणि तिच्याच कार्यालयात, वेगवान सौद्यांची प्रणाली तयार केली होती. ती नंतर वेगळी कंपनी झाली. तिच्या प्रमुखाला एफएक्ससीएमने बिनव्याजी कर्ज दिलं, जागा बिनभाड्याने वापरू दिली, माणसं दिली. ग्राहकांच्या ऑर्डरींसाठी भाव देणाऱ्यांच्या स्पर्धेत सगळ्यांत मोठा वाटा सातत्याने याच फर्मला मिळे. आणि ती दरमहा आपल्या कमाईतून एफएक्ससीएमला पैसे परत करी. २०१४ पर्यंत ही रक्कम सुमारे ७ कोटी ७० लाख डॉलर झाली. सप्टेंबर २००९ पासून ग्राहकांना सांगितलं जात होतं, आमच्या तुमच्या हितात विरोध नाही. नॅशनल फ्युचर्स असोसिएशनच्या तपासनिसांनाही या संबंधांबद्दल खोटं सांगितलं गेलं, असा आदेशाचा निष्कर्ष आहे.

बाजार समितीत अडत्याने शेतकऱ्याला सांगावं, मी फक्त अडत घेतो, लिलावात बोली लावत नाही. आणि रोज लिलाव जिंकणारी पेढी त्याच्याच भागीदारीतली निघावी, तसा हा प्रकार होता. शेतकऱ्याला कदाचित त्या दिवशीचा भाव बाजारभावाइतकाच मिळालाही असेल. पण माल कुठे नेऊन विकायचा याचा निर्णय त्याने खोट्या माहितीवर घेतला.

दंड ७० लाख डॉलर होता, आकड्याने फार मोठा नाही. खरी शिक्षा दुसरी होती : कंपनीने आणि निव्ह-अहदूत यांनी सीएफटीसीची नोंदणी सोडायची आणि पुन्हा कधी मागायची नाही. कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता तडजोड केली. दुसऱ्या दिवशी शेअर जवळपास निम्म्यावर आला. अमेरिकेतली ग्राहकांची खाती फॉरेक्स डॉट कॉम चालवणाऱ्या गेन कॅपिटलकडे गेली. निव्ह पायउतार झाले. न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेल्या कंपनीचं नाव बदलून ग्लोबल ब्रोकरेज झालं आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. दलालीचा धंदा ल्युकेडियाच्या, म्हणजे पुढे जेफरीज झालेल्या समूहाच्या हाती राहिला आणि अमेरिकेबाहेर चालू राहिला. ब्रिटनमधली कंपनी आता स्ट्रॅटोस मार्केट्स या नावाने नोंदलेली आहे.

युरोपच्या नियामकाने, एस्माने, ऑगस्ट २०१८ पासून लिव्हरेज मुख्य चलनांवर ३० पटींवर आणलं. ग्राहकाचं खातं शून्याखाली जाऊ द्यायचं नाही असं बंधन घातलं, ते फ्रँकच्या दिवसाचं थेट फळ. निरनिराळ्या देशांच्या पाहण्यांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात निघाली होती, म्हणून प्रत्येक दलालाने आपल्या जाहिरातीत स्वतःचा आकडा छापायचा. दलालाचं वागणं स्वच्छ असलं तरी हा आकडा फारसा बदलत नाही, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. चोरी न करणाऱ्या दुकानातही चारांतले तीन ग्राहक हरतात.

कडक नियमांनी लिव्हरेज आटलं आणि त्या रिकाम्या जागेत नवा धंदा आला : चॅलेंज विकणाऱ्या प्रॉप फर्म. काही हजार रुपये फी भरा, आमच्या अटींत नफा करून दाखवा, मग ‘फंडेड अकाउंट’ मिळेल, नफ्याचे ८० टक्के तुमचे. ल्युसिडसारख्या फर्मशी याचा संबंध फक्त नावापुरता आहे. इथे फी हीच मुख्य मिळकत असू शकते, आणि फंडेड म्हणून मिळालेलं खातं बहुतेकदा डेमो असतं. सौदा बाजारात जात नाही, म्हणजे तुमचा पेआउट नवशिक्यांच्या फीमधून येतो. ही रचना स्पष्ट सांगितली असेल तर ती कौशल्याची सशुल्क स्पर्धा म्हणता येईल. लपवली असेल तर तो एफएक्ससीएमचाच गुन्हा, आणखी खालच्या पातळीवरचा.

या धंद्याची कायदेशीर बाजू अजून अधांतरी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सीएफटीसीने माय फॉरेक्स फंड्सवर खटला भरला : १ लाख ३५ हजार ग्राहक, ३१ कोटी डॉलर फी, आणि जवळजवळ सगळ्या सौद्यांत समोर कंपनी स्वतःच. फर्म रातोरात थांबली, हजारोंचे पेआउट अडकले. मे २०२५ मध्ये न्यायालयाने तो खटला फेटाळला, पण कंपनी निर्दोष ठरली म्हणून नव्हे. सीएफटीसीच्या वकिलांनी एका रकमेबद्दल न्यायालयाची दिशाभूल केली होती. कर म्हणून भरलेले सुमारे ३ कोटी १५ लाख कॅनेडियन डॉलर त्यांनी संशयास्पद हस्तांतर म्हणून दाखवले. नियामकाने स्वतःच्या हाताने स्वतःची बाजू बुडवली आणि अशी रचना चालते की चालत नाही, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. मला याचं अतिशय दुःख वाटतं, कारण त्या उत्तराची गरज फी भरणाऱ्या मुलांना होती.

भारतात या सगळ्याला वेगळा कायदा आहे आणि तो बराच स्पष्ट आहे. फेमाखाली, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, निवासी भारतीयाने परकीय चलनाचा व्यवहार अधिकृत व्यक्तीशी किंवा रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या व्यासपीठावरच करायचा. वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवण्याची सवलत आहे, तिच्यातून परदेशात मार्जिन भरायला मात्र मनाई आहे. आपल्या एक्स्चेंजवर डॉलर-रुपयाचे वायदे ऑगस्ट २००८ पासून चालतात, पण तिथेही मूळ जोखीम असायला हवी, याची आठवण रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात करून दिली आणि त्या बाजारातली उलाढाल कोसळली. निर्यातदार राहिले, सट्टा खेळणारे गेले. तो खेळ आता परदेशी ॲपवर चालतो, यूपीआयने स्थानिक खात्यात किंवा क्रिप्टोमधून पैसे पोचवून.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने समाजमाध्यमं, ओटीटी, गेमिंग ॲप यांवरच्या जाहिरातींबद्दल आणि घरोघर गाठणाऱ्या एजंटांबद्दल इशारा दिला. ७ सप्टेंबर २०२२ रोजी अनधिकृत व्यासपीठांची पहिली यादी काढली, ३४ नावांची. त्या यादीत एफएक्ससीएम आहे. अल्पारी आहे. फॉरेक्स डॉट कॉम आहे. प्रागची चॅलेंज कंपनी एफटीएमओ आहे. आणि टीडी अमेरिट्रेडही आहे, जिच्या अमेरिकेतल्या परवान्याबद्दल तेव्हा कुणी शंका घेतली नसती. तेव्हा ही फसव्यांची यादी म्हणून वाचली तर चूक होईल. ज्यांना भारतातल्या माणसाचा चलनाचा सौदा घेण्याचा अधिकार इथे नाही, त्यांची ती यादी आहे. नंतर ती वाढत गेली, आणि यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे, असं बँकेने तिच्यासोबत लिहिलेलं आहे.

यादीसोबत कारणं मात्र दिलेली नाहीत, आणि ती मराठीत, हिंदीत, सोप्या भाषेत द्यायला हवीत असं माझं ठाम मत आहे. सोलापूरच्या किंवा जळगावच्या एखाद्या मुलाला मराठीतून रील दिसतं, ‘लंडनचा परवाना’ दिसतो आणि यादीतलं कोरडं नाव त्याच्यापुढे फिकं पडतं. त्याला हे सांगायला हवं की लंडनचा परवाना लंडनच्या शाखेपुरता असतो आणि भारतीय ग्राहकाचं खातं बहुधा त्याच नावाच्या, बेटावर नोंदलेल्या दुसऱ्या कंपनीत उघडलं जातं. तिथे खातं शून्याखाली न जाण्याची हमी नाही आणि किती टक्के ग्राहक हरतात हे छापण्याचं बंधनही नाही. आणि पैसे अडकले तर त्याने तक्रार कुठे करायची? पोलिसात गेला तर पहिला प्रश्न येतो, पैसे बाहेर कसे पाठवलेस. परवानगी नसलेल्या व्यासपीठावर व्यवहार करणारा निवासी स्वतःच कारवाईला पात्र ठरतो, हे रिझर्व्ह बँकेने इशाऱ्यातच लिहिलं आहे. न्यूयॉर्कच्या कंपनीतल्या ५७ हजार खात्यांना सरासरी दीडशेच्या आसपास डॉलर का होईना, परत मिळाले होते. इथल्या खात्यांसाठी ती सोय कुठल्याच देशाच्या कायद्यात नाही.